दोन्ही पाय एकदम की एकेक करून? पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेआधी घरात बसून करायचा हिशोब

मीरा-भाईंदर : पोलीस भरती जवळ आली की गावोगावच्या मैदानावर पहाटे धावणारी पोरं दिसू लागतात. पुरुषांसाठी उंचीची अट १६५ सेंटीमीटर, महिलांसाठी १५५. एखादा पोरगा १६२-१६३ वर अडकतो. मग रात्री मोबाईलवर 'उंची वाढवा, दोन-तीन इंच खात्रीने' असा व्हिडिओ दिसतो आणि डोक्यात किडा शिरतो. दुसरीकडे जन्मापासून एक पाय आखूड असलेलं लेकरू, लहानपणी हाडात पू होऊन पायाची वाढ खुंटलेली मुलगी, अपघातात हाड तुटून चुकीचं जुळलेला ट्रकचालक अशी माणसं असतात. त्यांच्यासाठी ही शस्त्रक्रिया हौस नाही, गरज आहे.

दोघांनाही डॉक्टरसमोर एकच प्रश्न पडतो. सगळं एकाच वेळी उरकायचं की टप्प्याटप्प्याने करायचं? घरच्यांना वाटतं, एकदाच काय तो त्रास होऊन जाऊ दे. पेशंटलाही तसंच वाटतं. पण या शस्त्रक्रियेत 'एकदाच' असं काही नसतं. ऑपरेशन दोन-तीन तासांचं, पुढचं काम कित्येक महिन्यांचं. धोका कुठे आहे ते कळायला आधी हाड लांब होतं कसं, ते बघावं लागेल.

हाड रोज एक मिलिमीटर

ही युक्ती सापडली ती सायबेरियात. कुर्गान नावाच्या गावी १९५० च्या सुमारास गॅव्हरिल इलिझारोव्ह हे डॉक्टर युद्धात जखमी झालेल्यांची मोडलेली हाडं जुळवत होते. त्यांनी पायाभोवती लोखंडी रिंगा बसवून त्या हाडातून आरपार गेलेल्या ताणलेल्या तारांनी पकडल्या. सायकलच्या चाकाचे स्पोक डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अंदाज येईल. तुटलेलं हाड हळूहळू दूर सारलं तर मधल्या फटीत नवीन हाड तयार होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. जगाला हे कळायला मात्र तीस वर्षं लागली. इटलीचे गिर्यारोहक कार्लो मौरी यांचा वर्षानुवर्षं न जुळलेला पाय १९८० मध्ये इलिझारोव्ह यांनी बरा केला आणि मग युरोपातले डॉक्टर शिकायला रांगेत उभे राहिले. आपल्या राज्यात अकोल्याला डॉ. मिलिंद चौधरी यांचं इलिझारोव्ह पद्धतीचं केंद्र बरीच वर्षं चालू आहे. मुंबईतही या कामात हात बसलेले सर्जन आहेत.

पद्धत अशी. मांडीचं किंवा नडगीचं हाड शस्त्रक्रियेत कापतात. आठ-दहा दिवस काहीच करत नाहीत. मग रिंगेवरचे नट रोज थोडे फिरवतात. साधारण पाव मिलिमीटर, दिवसातून चार वेळा, म्हणजे दिवसाला एक मिलिमीटर. घाई केली तर मधलं हाड तयारच होत नाही. फार हळू केलं तर फट वेळेआधी जुळून बसते आणि परत ऑपरेशन. पाच सेंटीमीटर वाढवायचे तर नुसते ताणायलाच पन्नास दिवस लागतात.

त्यानंतर खरी वाट बघायची असते, कारण नवीन हाड सुरुवातीला मऊ असतं. ढोबळ हिशोब असा धरतात की लहान मुलात दर सेंटीमीटरला एक महिना रिंग पायावर राहते, मोठ्या माणसात दीड महिना किंवा जास्त. पाच सेंटीमीटरसाठी मुलाला पाच महिने, मोठ्याला सात-आठ महिने. तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी चालू असेल तर याहून जास्त, कधी कधी हाड धरतच नाही. मिश्री लावणाऱ्या बायका डॉक्टरने 'तंबाखू खाता का' विचारलं की 'नाही' म्हणतात. मिश्रीही तंबाखूच आहे, ती सांगायला हवी.

दुसरी पद्धत हाडाच्या आत रॉड घालण्याची. हा रॉड बाहेरून चुंबकाच्या यंत्राने मिलिमीटर-मिलिमीटर लांब करतात. बाहेर रिंग नाही, तारांच्या जखमा नाहीत. पण खर्च फार आणि हाड पक्कं होईपर्यंत बहुतेक रॉडवर पूर्ण वजन टाकता येत नाही. वजन पेलेल असा स्टीलचा एक रॉड अमेरिकी कंपनीने आणला होता. त्याच्याभोवतीच्या हाडात बदल दिसू लागल्यावर २०२१ मध्ये तो बाजारातून मागे घ्यावा लागला. तेव्हा व्हिडिओत कुणी 'रॉड टाकल्यावर दुसऱ्या दिवसापासून चाला' म्हणत असेल तर कोणत्या रॉडबद्दल बोलतो आहे, ते विचारावं.

एक पाय आखूड असेल तर

इथे दुसऱ्या पायाला हात लावायचा प्रश्नच नाही. आणि मुळात ऑपरेशन लागेलच असंही नाही. फरक दोन सेंटीमीटरच्या आत असेल तर बहुतेकांना काहीच करावं लागत नाही. दोन ते पाचच्या मध्ये असेल तर चपलेला किंवा बुटाला उंच तळवा लावून काम भागतं. मूल अजून वाढीत असेल तर लांब पायाची वाढ वेळेवर थांबवण्याचं छोटं ऑपरेशनही करतात. ते पाय लांब करण्यापेक्षा कितीतरी सोपं, पण वय निघून गेल्यावर करता येत नाही. म्हणून मुलगा लंगडतो हे दिसल्यावर 'मोठा झाला की बघू' म्हणणं महागात पडतं. पाचच्या वर फरक गेला की लांब करण्याचा विचार सुरू होतो.

टप्प्यांचा प्रश्न इथेही येतो, पण वेगळ्या तऱ्हेने. फरक आठ-दहा सेंटीमीटर असेल तर एकाच पायातलं मांडीचं आणि नडगीचं हाड एकदम वाढवायचं का? दोन्हीत चार-चार सेंटीमीटर वाढवले तर ताणायचे दिवस निम्मे होतात, हे खरं. पण मध्ये सापडतो गुडघा. वरून मांडीचे स्नायू ताणलेले, खालून पोटरीचे. सांधा आवळला जातो, वाकेनासा होतो. जन्मतः मांडीचं हाड आखूड असलेल्या मुलांत गुडघ्याचे आतले दोर आधीच कमजोर असतात, तिथे सांधा निसटण्याचीही भीती. त्यामुळे अशा मुलांची वाढ बहुतेक वेळा दोन-तीन खेपांत, मध्ये काही वर्षं सोडून करतात. पहिली खेप चार-सहा वर्षांच्या वयात, पुढची दहाच्या आसपास. आई-बापाला हे ऐकून धसका बसतो. पण एका खेपेला पाच सेंटीमीटरच्या आसपास थांबणं स्नायू आणि सांध्यांना मानवतं. एकाच खेपेला दहा खेचायला गेलं तर पाय लांब होतो आणि गुडघा जातो.

दोन्ही पाय वाढवायचे तर

जन्मतःच हात-पाय आखूड असलेली, ठेंगणी राहणारी मुलं आणि निव्वळ उंचीसाठी आलेली मोठी माणसं, दोघंही या गटात. 'एकदम की एकेक' हा खरा पेच इथला आहे.

बाहेरच्या रिंगने काम होणार असेल तर दोन्ही नडग्या एकाच वेळी करणं बऱ्याच ठिकाणी चालतं. रिंगवर वजन टाकता येतं. वॉकर घेऊन पेशंटला उभं करतात, चालवतात. दोन्ही पाय बरोबर वाढतात, कुठल्याही दिवशी थांबलं तरी सारखेच राहतात. मांडीची हाडं करायची असली तर ती नंतर, वेगळ्या खेपेला. काही सर्जन उलटसुलट करतात. आधी उजवी मांडी आणि डावी नडगी, मग डावी मांडी आणि उजवी नडगी. यात एका पायाच्या दोन्ही हाडांवर एकदम ताण येत नाही. पण दोन खेपांच्या मध्ये पेशंटचे गुडघे वर-खाली राहतात आणि दुसरी खेप टाळता येत नाही, हे आधीच कबूल करावं लागतं. चारही हाडं एकाच दिवशी करायची भाषा कुणी केली तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जावं.

आतल्या रॉडचं गणित वेगळं आहे. रॉड बसवायला हाडाची पोकळी आतून कोरावी लागते. कोरताना आतल्या मगजातली चरबी दाबाने रक्तात ढकलली जाते आणि फुप्फुसात जाऊन अडकू शकते. एका मांडीत हे झालं तर शरीर बहुतेक वेळा निभावून नेतं. दोन्ही मांड्या एकाच दिवशी कोरल्या तर भार दुप्पट. ऑपरेशननंतर पहिल्या एक ते तीन दिवसांत धाप लागणं, बरळणं, छातीवर किंवा डोळ्यांत बारीक लाल ठिपके येणं ही त्याची लक्षणं. माणूस दगावूही शकतो. म्हणून सावध सर्जन हाडाला आधी बारीक भोकं पाडून दाब कमी करतात किंवा दोन मांड्यांमध्ये काही दिवस, काही आठवडे अंतर ठेवतात. 'टप्प्याने' शब्दाचा हा एक अर्थ आहे. उपचार जवळपास एकत्रच चालतात, फक्त कोरण्याचे दिवस वेगळे. रॉड बसवणार असतील तर डॉक्टरला पहिला प्रश्न हाच विचारायचा. आणि त्या इस्पितळात आयसीयू आहे का, हा दुसरा.

पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं हा आणखी एक धोका. दोन्ही पाय एकदम केलेला माणूस जास्त वेळ पडून राहतो, त्यामुळे त्याला ही भीती अधिक. एका पायाचा माणूस कुबड्यांवर निदान उठतो, फिरतो.

मग एकेक पायच बरा, असं वाटेल. थांबा. महिने मोजा. मोठ्या माणसाला पाच सेंटीमीटरसाठी एका पायाला सात-आठ महिने, दोन पायांना वेगवेगळे म्हणजे पंधरा-सोळा, शिवाय मधली विश्रांती. भूल दोनदा, जंतूंचा धोका दोनदा, मजुरी बुडाली ती दुप्पट. आणि सर्वांत मोठी गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही. पहिला पाय पाच सेंटीमीटर लांब झाला आणि पैसे संपले, घरात कुणी आजारी पडलं, किंवा त्याच पायात हाड धरलं नाही म्हणून पेशंटनेच हाय खाल्ली, तर? तो माणूस एक पाय लांब, एक आखूड असा राहतो. जो चांगले दोन पाय घेऊन आला होता, तो लंगडत घरी जातो. उंच बुटावर आयुष्य काढायचं किंवा कर्ज काढून दुसरा पाय करायचा.

तेव्हा तराजूत एका बाजूला पहिल्या आठवड्यातला जिवाचा धोका आहे आणि दुसऱ्या बाजूला अर्ध्यात अडकण्याचा. रॉडच्या बाबतीत पहिला धोका जड आहे, तिथे कोरण्यात थोडं अंतर हवंच, पण ते आठवड्यांचं, वर्षाचं नको. रिंगच्या बाबतीत कोरणं नसतं, म्हणून त्या भीतीपोटी एकेक पाय वेगळा करण्याचं कारण उरत नाही. तिथे खरा प्रश्न असतो घराचा.

घर तयार आहे का?

समजा वाड्याकडच्या एका मुलाच्या दोन्ही नडग्यांना रिंगा बसल्या. घरातला संडास भारतीय पद्धतीचा. रिंगा घालून उकिडवं बसता येत नाही. कमोडची खुर्ची आणावी लागणार. झोपायला खाट हवी, जमिनीवरून उठणं जमणार नाही. पाऊस लागला की अंगणात चिखल, वॉकर रुततो. तारांच्या जागा रोज स्वच्छ करायच्या, त्यासाठी उकळून गार केलेलं पाणी, हात धुतलेला माणूस. नट दिवसातून चारदा फिरवणारा घरात कुणीतरी हवा आणि फिरवले की नाही ते वहीत लिहिणारा हवा. आवणीच्या दिवसांत सगळं घर शेतावर असताना हे कोण करणार?

फिजिओथेरपीचं तर विचारूच नका. हाड रोज मिलिमीटरने वाढतं, पण स्नायू आणि शिरा सहजासहजी वाढत नाहीत. नडगी वाढवताना पोटरी आखडते आणि टाच वर उचलली जाते. पेशंट चवड्यांवर चालू लागतो. रोज ताणाचे व्यायाम केले नाहीत तर टाचेची नस सैल करायला वेगळं ऑपरेशन लागतं. दोन्ही पाय असतील तर व्यायाम दुप्पट, दुखणं दुप्पट आणि आधार द्यायला एकही धड पाय नाही. जिथे रोज फिजिओ मिळणार नाही तिथे दोन्ही पाय एकदम करणं म्हणजे डॉक्टरच्या हातात नसलेला धोका ओढवून घेणं.

म्हणून बाहेरगावची बरीच कुटुंबं शहरात खोली घेऊन राहतात. जव्हार-विक्रमगडहून येणारे मनोरवरून महामार्गाने काशिमिऱ्याला उतरतात, शहापूर-मुरबाडचे ठाण्याहून घोडबंदर रोडने, पालघर-बोईसरचे विरारवरून लोकलने. मीरा रोड, भाईंदरला कुणी ना कुणी नातेवाईक असतो. मामाकडे, आत्याकडे राहू, असं ठरतं. पण भाईंदरच्या जुन्या इमारती तीन-चार मजल्यांच्या, पुष्कळ ठिकाणी लिफ्ट नाही. दोन्ही पायांत रिंगा असलेल्या पेशंटला तिसऱ्या मजल्यावरून दर आठवड्याला एक्स-रेसाठी खाली कसं आणणार? एका पायाचा पेशंट कठडा धरून जिने उतरतो. दोन्ही पायांचा खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणावा लागतो. आत्याच्या घराचा मजला हा वैद्यकीय प्रश्न वाटत नाही, पण आहे. तो डॉक्टरला सांगावा. समजदार डॉक्टर त्यावरून योजना बदलेल. लोकलने नेण्याचा तर विचारच नको, रिक्षा किंवा गाडीचा खर्च आधीच धरावा.

पोलीस भरतीसाठी करावं का?

सरळ सांगायचं तर नाही. तीन सेंटीमीटर वाढले तरी भरतीत नुसतं उंचीच्या पट्टीखाली उभं राहायचं नसतं. पुरुषांना १६०० मीटर धावायचं असतं, १०० मीटरची धाव असते, गोळाफेक असते. वैद्यकीय तपासणीही असते आणि पायांवरचे व्रण लपत नाहीत. पाय लांब केलेल्या माणसाचा पूर्वीचा वेग परत येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. एक-दीड वर्ष उपचारात जातं, वयाची अट जवळ येते. लाखो रुपये घालून उंची मिळवायची आणि धावण्यात बाद व्हायचं, असा हा सौदा. त्याच पैशात आणि वेळात उंचीची अट नसलेल्या दुसऱ्या भरतीची तयारी होते.

२०१६ साली हैदराबादेत एका तरुण सॉफ्टवेअर इंजिनिअरने घरी न सांगता उंचीसाठी दोन्ही पायांची शस्त्रक्रिया करून घेतली. आई-वडिलांना नंतर कळलं, तेव्हा पोरगा अंथरुणाला खिळलेला. प्रकरण तिथल्या वैद्यकीय परिषदेपर्यंत गेलं. वीस-बावीस वर्षांचा मुलगा कायद्याने सज्ञान असतो, सही स्वतः करू शकतो. पण सहा महिने त्याला उचलून संडासला नेणारी माणसं त्या सहीत धरलेली नसतात.

कुठे, कसं विचारावं

मुलाचा पाय आखूड असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवून फरक मोजून घ्यावा. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, लोक त्याला टेंबा म्हणतात. मोठ्या कामासाठी परळला केईएम आणि मुलांसाठी वाडिया आहे. पोलिओ झालेल्या जुन्या पेशंटना हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत बूट, कॅलिपर आणि सल्ला दोन्ही मिळतं. नुसत्या उंचीसाठी केलेली शस्त्रक्रिया विम्यात किंवा सरकारी योजनेत बसेल, या भरवशावर राहू नये. व्यंगासाठी केलेली बसेल की नाही हे महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडून ऑपरेशनच्या आधी, कागदावर लिहून घ्यावं. आणि नुसत्या ऑपरेशनचं नाही, पुढच्या एक्स-रेचं, रिंग काढण्याचं आणि काही बिघडलं तर दुसऱ्या ऑपरेशनचंही विचारावं. टप्प्याने करायचं ठरलं तर दुसऱ्या टप्प्याचा खर्च वेगळा धरला आहे का, हे विचारायला लोक हमखास विसरतात.

घरी आल्यावर पायाची बोटं वर उचलता येईनाशी झाली, पायाला मुंग्या येऊन बधिरपणा वाढत गेला, तारेच्या जागेतून पू येऊन ताप चढला, पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरला फोन करायचा. बोटं उचलता येत नसतील तर नट फिरवणं तिथल्या तिथे थांबवायचं आणि मगच फोन लावायचा. एकदम धाप लागली किंवा छातीत दुखू लागलं तर फोनवर बोलत बसू नये, १०८ ची गाडी बोलवावी.